मदर लुविनियांची टाच

अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या शाळेत गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं शिकवायची, म्हणून थॅडियस पेटवे मास्तरांनी आपल्याच चर्चच्या गाण्याची साठ वर्षांपूर्वीची टेप मिळवली आणि हौसेनं साफ केली. खोकले, बाकांची कुरकुर, गाणंभर चाललेली ती मेली ठकठक, सगळं कॉम्प्युटरवर पुसून टाकलं. त्या खटाटोपात जुनी टेप तुकडे तुकडे होऊन गेली. जाऊ दे, आवाज तरी लख्ख झाला!

आणि आज वर्गात मदर लुविनिया हजर. चर्चमध्ये वयानं आणि धाकानं सर्वांत मोठ्या. डोक्यावर जांभळी हॅट, हातात पुठ्ठ्याचा पंखा. असल्याच पंख्याच्या दांडीनं त्यांनी लहानपणी थॅडियसचं टाळकं शेकलं होतं.

"पोरांनो, माझा गळा असा, की मला कधी कुणी गायला घेतलं नाही," त्या म्हणाल्या. "पण ही टेप केली त्या दिवशी ड्रमवाला तापानं फणफणला. मग ठेका कुणी धरला? माझ्या ह्या टाचेनं! लाव रे थॅडियस."

मास्तर मशीनसमोर आडवे उभे राहिले.

"मदर, आधी कॉफी घेता?"

"कॉफी प्यायला आलेय का मी?"

"मशीन जरा तापलंय."

"मीही तापायला लागलेय. लाव!"

गाणं सुरू झालं. एक ओळ गेली, दुसरी गेली. पंखा थांबला.

"माझी टाच कुठाय?"

"मला वाटलं... गोंगाट आहे. म्हणून पुसला."

"गोंगाट?"

मदर उठल्या. मास्तरांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. पण त्या वर्गाच्या लाकडी जमिनीवर जाऊन उभ्या राहिल्या. "गाणं पुन्हा लाव. आणि हे रेकॉर्ड करून घे."

ठक! ठक! पोरांनी टाळ्या धरल्या, मग पाय. मास्तरांचा जीव मात्र टांगणीलाच. खाली हेडमास्तर स्टॉलवर्थ बसायचे, आणि वरून पुन्हा आवाज आला तर नोकरी गेली समजा, असं त्यांनी कालच बजावलं होतं. व्हायचं तेच झालं. दार धाडकन उघडलं. साहेबांच्या टकलावर छताचा चुना पडला होता.

"पेटवे! हा काय गोंगाट लावलाय?"

मदर थांबल्या आणि मास्तरांकडे बघू लागल्या. पंखा हळूच वर गेला.

मास्तरांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा पंख्याकडे.

"गोंगाट नाही सर, ड्रम आहे तो. जरा दार लावून घेता? रेकॉर्डिंग चालू आहे."

साहेब जे ओरडले, ते पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. ते थांबेपर्यंत मदर शांतपणे पंख्यानं वारा घेत राहिल्या.

"थॅडियस," त्या म्हणाल्या, "ह्यांचंही राहू दे हं. आता काही पुसायचं नाही."