चुलीखालची चूल

तिगावच्या नत्थूजीच्या घरातली चूल चुकीच्या कोपऱ्यात होती. खिडकी एकीकडे, चूल दुसरीकडे आणि मध्ये त्याच्या बायकोचं, केसरबाईचं, तोंड, अशी एकंदर रचना असल्यामुळे धूर बाहेर पडण्यापूर्वी केसरबाईच्या डोळ्यांतून जात असे. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची एकच मागणी होती, चूल दारापाशी हलवा. नत्थूजीचा विरोध असा कधीच नव्हता. कापसाची वेचणी होऊ दे, एवढंच तो म्हणे. वेचणी झाली की संत्र्याचा बहार येई. इंग्रज गेले, झेंडा लागला, स्टेशनावर पेढे वाटले गेले. चूल तिथंच.

शेवटी एक दिवस केसरबाईनं चूल पेटवलीच नाही. दुपारपर्यंत उपाशी राहिल्यावर नत्थूजीनं सब्बल उचलली.

चूल उखडली तर खाली राख, आणि राखेखाली आणखी एक चूल. त्याच कोपऱ्यात, त्याच तोंडाची. तिच्याखाली तिसरी, आणि काळ्या-तांबड्या खापरांचा ढीग. नत्थूजी घाबरून पांढुर्ण्याच्या श्रीकांत मास्तरांकडे गेला, मास्तर आनंदून नागपूरला गेले, आणि पुरावशेष खात्याचे दत्तात्रयराव जीपमधून उतरले ते थेट खड्ड्यातच उतरले.

"नत्थूजी, हजारो वर्षं झाली," ते खापर हुंगत म्हणाले. "साम्राज्यं आली आणि गेली. या घरातली चूल वीतभर हलली नाही. यालाच संस्कृती म्हणतात."

नत्थूजीची छाती फुगली. आजवर आपण चूल हलवली नाही तो आळस नसून परंपरा होती, हे त्याला प्रथमच कळत होतं.

सगळ्यांत खालच्या थरात, दाराच्या बाजूला, तीन दगड मांडलेले निघाले. चुलीसारखेच, पण त्यांना आगीचा डागही लागलेला नव्हता. साहेबांनी पुष्कळ विचार केला आणि मास्तरांना समजावलं, की प्राचीन लोकांच्या ज्या वस्तूचा उपयोग आपल्याला कळत नाही, तिला धार्मिक विधी म्हणायचं असतं.

केसरबाई पदरानं डोळे पुसत वाकली. तिनं दगड पाहिले, मग खिडकी पाहिली.

"विधी कायचा जी, सायेब," ती म्हणाली. "त्या खालच्या बाईलेही चूल दारापाशी पायजे होती. नवऱ्यानं म्हटलं असन, वेचणी होऊ दे."

या मताला शास्त्रीय आधार नसल्यामुळे ते ऐकून घेण्यात आलं नाही. हुकूम झाला, की चूल हलवायची नाही. विझवायचीही नाही, सातत्य तुटतं. खड्डा बुजवून उखडलेली चूल त्याच जागी, सरकारी देखरेखीखाली, केसरबाईकडूनच पुन्हा घालून घेतली.

लेक प्रतिभा सौंसरला दिली होती. आईचे डोळे पाहून तिनं बाजारातून घासलेटचा स्टोव्ह आणून दिला. दत्तात्रयरावांनी तो परकीय आक्रमण ठरवून ताब्यात घेतला. पुढं बरीच वर्षं तो त्यांच्याच स्वयंपाकघरात निरीक्षणाखाली होता, म्हणतात. केसरबाईनं अंगणात संत्र्याखाली स्वयंपाक मांडला, तर प्राचीन लोक घरात रांधीत असत, सबब आत जावे, असं फर्मान आलं.

मग छप्पन साल उजाडलं आणि राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, तिगाव मध्यप्रदेशात राहिलं. केसरबाईनं सरळ हिशेब केला, हुकूम नागपूरचा, नागपूर गेलं, म्हणजे हुकूमही गेला.

"आता तरी सब्बल आणता का?"

"आणून राहिलो ना," नत्थूजी बसल्याबसल्या म्हणाला. तेवढ्यात भोपाळची जीप आली.

आता नवाच प्रश्न उभा राहिला. सगळ्यांत खालची ती बाई मराठी होती की हिंदी? मराठी निघाली तर तो बुजवलेला खड्डा मुंबई राज्याला द्यावा लागणार, आणि खड्डा दिला की त्यावरचं घर, घराभोवतीचं गाव आणि गावातून जाणारी रेल्वेही मागे लागून जाणार. दोन्ही राज्यांचे विद्वान चुलीभोवती बसले. केसरबाईला आधी ज्वारीची भाकर थापायला लावली, मग गव्हाची रोटी. दोन्ही टम्म फुगल्या. धूर दोन्हींचा सारखाच निघाला. विद्वान डोळे चोळत बाहेर आले. भाषेचा निकाल लागला नाही, पण एका गोष्टीवर दोन्ही राज्यांचं एकमत झालं. चूल हलवायची नाही.

तेव्हापासून लोक पाहायला येऊ लागले. छिंदवाड्याचे साहेब, नागपूरच्या शिकलेल्या बाया. चुलीसमोर जरा बसतात न बसतात तोच साऱ्यांच्या डोळ्यांना धारा लागत. मातीशी आपलं काहीतरी नातं आहे, बघा, असं म्हणत ते रुमाल काढत, घरच्या विजेच्या शेगडीला ही चव नाही म्हणत हळहळत, आणि संध्याकाळच्या गाडीनं त्या बेचव शेगडीकडे परत जात. नत्थूजी त्यांना स्टेशनापर्यंत पोचवी आणि वाटेत परंपरेवर बोले.

एक दिवस तो परतला तेव्हा केसरबाई दारापाशी जमीन उकरून बसली होती. तीन कोरे दगड तिनं चुलीसारखे मांडले, वरून माती लोटली आणि शेणानं सारवून टाकलं.

"अवं, हे काय करून राहिली?"

"विधी," केसरबाई म्हणाली.

तुमचेही डोळे पाणावले असतील, तर तुमचंही या मातीशी नातं आहे. बाकी, मघाशी आतून तुम्हाला हाक आली होती. एवढी गोष्ट वाचून होऊ दे, असंच म्हणालात ना?