पराते काकांची उंच गाडी

नागपुरात सिग्नलला उभं असताना अचानक खांद्यावर हात पडला, तर दचकू नका. तो पोलिसाचा नसतो, आमच्या शेजारच्या पराते काकांचा असतो. काका पाच फुटांच्या आतले आणि गाडी त्यांच्या छातीला लागणारी. पाय जमिनीला पुरत नाहीत, म्हणून थांबायची वेळ आली की शेजारच्या स्कूटरवाल्याचा खांदा धरतात आणि वर त्यालाच धीर देतात, "हिरवा लागेपर्यंत फक्त, भाऊ!"

निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला लागतात. काका तहसील कचेरीतून निवृत्त झाले आणि थेट सुपरमोटो नावाची मोटरसायकल घेऊन आले. चिखलामातीत उड्या मारायची उंच, सडपातळ गाडी घ्यायची आणि तिला डांबरी रस्त्याची रुंद, गुळगुळीत चाकं लावायची, असं ते प्रकरण. काकांच्या भाषेत, "आंगानं नरखेडची, पायानं सदरची. माह्यासारखी!" नरखेडच्या संत्र्याच्या बागेतून ते नोकरीसाठी शहरात, सदरला आले ते इथलेच झाले.

इतर गाड्यांवर त्यांचा भारी राग. क्रूझर म्हणजे "आरामखुर्चीले चाकं". जुन्या वळणाची नवी गाडी म्हणजे "नव्या पोरीले आजीचं लुगडं". आणि ॲडव्हेंचरवाले? "दोन्हीकून लोखंडी पेट्या लावतात, हिमालय-हिमालय करतात, आन् जातात बर्डीच्या बाजारात सांभाराची जुडी आणाले!" सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.

"आणि माझी स्कूटर?" मी एकदा विचारलं.

काकांनी तिच्याकडे नीट बघितलं. "खांद्याची उंची चांगली हाये तुही."

या खांद्यांवर त्यांनी माणसं जोडली. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाच्या बायकोचं ऑपरेशन झालं, सगळं त्यांना लाल दिव्यात कळतं. एक ट्रॅफिक हवालदार तर काका दिसले की आपणहून खांदा पुढे करतो.

गेल्या महिन्यात मात्र कानात इअरफोन घातलेल्या एका पोराने दिवा बदलायच्या आतच स्कूटर दामटली. खांदा गेला आणि काका गाडीसकट आडवे. कोपर सोलवटलं. काकू वर्षभरापासून पुण्याला मुलीकडे, नातवाच्या ड्युटीवर. बातमी तिथे पोचली आणि मुलीचा, मंजूचा, मला फोन आला. "दादा, गाडीची उंची कमी करून घ्या. बाबांचे पाय टेकले पाहिजेत. नाहीतर मी येऊन विकूनच टाकते." मंजू हट्टाला बापावर गेलेली. तिने खरंच विकली असती.

मिस्त्री म्हणाला, मागचं शॉकअप बदललं की गाडी खाली येईल. काका माझ्यावरच उखडले. "काहून गा, खाटेचे पाय कापून राहिला का तू?" चार दिवस मनधरणी केल्यावर कसेबसे तयार झाले. काका त्यांच्या गाडीवर, मी स्कूटरवर, असे निघालो. सदरच्या सिग्नलला लाल लागला आणि हात आलाच खांद्यावर.

"काका, आता पाय टेकतील तुमचे," मी समजूत घातली.

"तेच तं." काका म्हणाले. "पाय टेकले तं कोणाचा खांदा धरू गा? रिटायर झालो. तुही काकू तिकडे. अख्ख्या दिवसात माणसाच्या आंगाले हात लागते तं इथंच लागते."

रोज रात्री हा माणूस फोनवर बायकोला "मी मजेत हावो, तू नातू पाह्य" असं सांगतो, ते भिंतीपलीकडून मला ऐकू येतं.

हिरवा लागला. मागून हॉर्न सुरू झाले.

"चाल नं गा," काका म्हणाले.

मिस्त्रीचं दुकान सरळ होतं. मी उजवीकडे, घराच्या रस्त्याला वळलो. काका मागोमाग आले.

घरी पोचल्याबरोबर मी मंजूला फोन लावला.

"गाडी खाली होत नाही," म्हटलं, "आईला पाठवून दे."