शंकररावांचं एमबीए

गंगावेशीतल्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी आणून बांधतात आणि डोळ्यासमोर धार काढून ग्लासात देतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्या कट्ट्यावर गिऱ्हाइकांची रांग लावणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे शेजारी शंकरराव. ग्लासवाले डावीकडं, किटलीवाले उजवीकडं. गवळी म्हणायचा, "साहेब, आता म्हशींची हजेरी बी मांडा की." ते म्हणायचे, "शिस्त पायजे." आणि खरं सांगते, रांग लागायची.

उद्यमनगरातल्या एका लोखंड ओतायच्या फौंड्रीत ते मॅनेजर. आमचे हे तिथंच साचे भरायचे, त्यामुळं तिथली बातमी मला घरबसल्या. वाळू किती आली, कुठला साचा फुटला, कोण उशिरा आला, सगळं शंकररावांना तोंडपाठ. असलं डोकं मी तरी दुसरं बघितलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस म्हातारे मालक थकले. त्यांचा मुलगा म्हणाला, "काका, मॅनेजर तुम्ही एक नंबर. पण सगळं तुमच्यावर सोडायचं तर लीडर पायजे." आमच्याकडं लीडर म्हणजे चौकातल्या फलकावर हात जोडून उभा असतो तो. शंकररावांनी मात्र पन्नाशी उलटल्यावर एमबीएला नाव घातलं. संध्याकाळचे वर्ग. लेकाची जुनी सॅक पाठीला लावून निघाले की मी दारात येऊन बघत राहायची. मी सातवीत शाळा सोडलेली. ह्या वयात परीक्षेला बसायचं म्हणजे छाती लागते.

पुस्तकात आज आलं की उद्या कारखान्यात. माणसांचं कौतुक करावं असं आलं, तर आमच्या ह्यांच्या मागं जाऊन म्हणाले, "बापू, साचा छान झालाय." त्या दिवशी हे घरी आले ते जेवेनात.

"काय झालं वो?"

"साहेब छान म्हणाले. काढून टाकत्यात वाटतं मला."

मग सूचनांची पेटी लावली. तिच्यात तंबाखूची पुडी निघाली, तीही रिकामी. त्यांची बायको सांगायची, "आमटी कशी झाली म्हणून घरात सगळ्यांचं मत घेत्यात. तवर ती गार."

पण गडी पास झाला. पेढे घेऊन आले, तर तोंड उतरलेलं.

"भावजी, झालात की आता लीडर."

"कुठलं वहिनी." पायरीवर बसले. "वर्गात गेलो की पोरं सरकून जागा द्यायची. काका, वडा घ्या म्हणायची. कारखान्यात मी आत गेलो की बोलणं बंद हुतंय. ही माणसं एकमेकांत कशी हसत्यात, मला म्हायती न्हाय. आता वर्ग बी संपला."

मी आत जाऊन चहा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी केबिन सोडून ते डबा घेऊन साच्यांच्या शेडमध्ये गेले आणि वाळूवर मांडी घालून बसले. आमचे हे सांगत होते, घास गिळल्याचासुद्धा आवाज येत होता. तरी दुसऱ्या दिवशी गेले. मग रोजच. कौतुक नाही, सूचना नाही, नुसतं जेवायचं. मला तर ते परीक्षेपेक्षा अवघड वाटलं.

बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी हाक आली, "वहिनी, जरा बाहेर या."

अंगणात शंकरराव उभे. "आज शेडमधल्या त्या रंगानं माझी नक्कल केली. समद्यांत. मी म्होरं बसलेलो असताना."

"अहो, मग?"

"मग काय, सगळी हसली. हुबेहूब करतोय वो." आणि मान तिरकी करून, खिशातलं पेन चाचपत, शंकरराव आमच्या अंगणात रंगाच्या शंकररावांसारखं चालून दाखवायला लागले. मला नीट दिसलं नसेल म्हणून पुन्हा एकदा दाखवलं.