बरणीतला पुरावा

पानाच्या आत अळी राहते, हे मी घसा बसेपर्यंत सांगितलं. पण या घरात चौथी पास बाईचं ऐकतो कोण!

गच्चीवरच्या माझ्या टोमॅटोच्या पानांवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा उमटल्या. नवरा म्हणाला, "गोगलगाय फिरली असेल." दिरानं फोनवर बोट फिरवून व्हायरस ठरवला. (दोन पदव्या आहेत त्याच्याकडे, पानाला मात्र हात लावला नाही.) जाऊ म्हणाली, "ताई, तुम्ही भांड्यांचं पाणी ओतता ना, त्याचे डाग."

"मग तुझ्या शेवंतीवर कुठून आले गं?"

"तुमच्याकडूनच!"

सासूबाईंनी निकाल दिला, "जिच्यामुळे हे पसरलं, तिच्या कुंड्या गच्चीवरून खाली." खाली उन्हाची तिरीपही नाही, आणि माझ्या कुंड्या बारा.

मी शेवंतीचं पान उजेडात धरलं. दोन पापुद्र्यांमध्ये पिवळी अळी, मागे तिनं कोरलेला बोगदा, बोगद्यात काळी रेघ. तशीच रोपवाटिकावाल्याकडे गेले. तो म्हणाला, "नागअळी. झाड कोणतं, बोगदा कसा वळतो, आत विष्ठा कशी पडलीय, यावरून माशी ओळखतात. खात्रीच हवी तर पानं झाकून बरणीत ठेवा. माशी निघेल."

जावेच्या शेवंतीची ओंजळभर पानं तोडली.

"अहो ताई, माझी पानं!"

"पुरावा आहे. गप्प बस."

चार दिवस झाले तरी माशी निघेना. पानं वाळली, तळाशी मोहरीहून बारीक तपकिरी दाणे साठले. विष्ठा असणार, म्हणजे खतच! वाया कशाला घालवा? माझ्या बाराही कुंड्यांत सारखं वाटून टाकलं. (जावेला चिमूटही दिली नाही.)

तीन आठवड्यांत माझ्या टोमॅटोचं एक पान धड उरलं नाही. मी रोपवाटिकावाल्यालाच गच्चीवर आणून सगळ्यांसमोर उभं केलं. "सांगा यांना, सुरुवात कुठून झाली!"

त्यानं पानं उलटसुलट केली. "सर्वांत जुने बोगदे शेवंतीवर आहेत."

"ऐकलंत?" मी पदर खोचला.

"पण टोमॅटोवर एवढी कशी? बरणीत तपकिरी दाणे पडले असतील, ते कुठायत?"

"खत म्हणून घातले कुंड्यांत."

"बाई, ते कोष होते. त्यातूनच माशी निघते."

जाऊ तोंडाला पदर लावून खोकली. नवऱ्यानं पहिली कुंडी उचलली. खालून शेजारीण ओरडली, "अहो, कुंड्या का उतरवताय? कुणी पसरवलं हे?"

सासूबाई कठड्यावरून वाकल्या आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मोठी सून!"