रौशानआपांचा पायबंद

मक्सूत बाहेरून दाराचं खालचं कुलूप लावून जिना उतरले, तेव्हा त्यांची बायको न्हाणीघरात होती. यात त्यांची चूक म्हणावी, तर ती चाळीस वर्षांच्या अनुभवातून आलेली होती. रौशानआपा सकाळी साडेदहाला घरात सापडल्या, असं लग्नानंतर एकदाही घडलं नव्हतं. पायाला भिंगरी असलेली बाई. शिमकेंत शहरातल्या त्या जुन्या इमारतीत कुणाचं लग्न असो की कुणाचं दुखणं, कणीक मळायला सगळ्यांत आधी हजर आणि भांडी विसळून सगळ्यांत शेवटी घरी. तेव्हा घरात कुणी नाही असं धरून चालणं मक्सूतना अगदी रास्त वाटलं, आणि ते शेजारच्या सैराम गावी मेव्हण्याकडे पुलावाची मोठी कढई आणायला निघून गेले.

हे खालचं कुलूप आतून उघडत नसे. ते "उद्या बदलतो" असं मक्सूत पंधरा वर्षं म्हणत होते.

रौशानआपांनी ठेवणीतलं मखमली जाकीट चढवलं, पांढरा रुमाल बांधला आणि दार ओढलं. पुन्हा ओढलं. मग एक लाथ घातली. मग मक्सूतना फोन लावला, तर तो झोपायच्या खोलीत उशीखाली वाजू लागला.

"ओयबाय! कोंडलं की हो मला या माणसानं!" आपा भिंतीला म्हणाल्या. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

साडेअकराला इमारतीच्या पुढच्या अंगणात खाली राहणाऱ्या दानाच्या लेकीचा, अयझानचा पायबंद कापायचा होता. पोर वर्षाची झाली होती, धरून धरून उभी राहत होती. आता तिच्या दोन पायांना काळ्यापांढऱ्या लोकरीची दोरी बांधायची आणि ती कुणीतरी कात्रीनं कापायची, की पोर मोकळी होऊन चालू लागते. कापणाऱ्याचा गुण मुलाला लागतो, म्हणून माणूस पारखून निवडतात. आजवर शंभर पोरांच्या कार्यात आपांनी भांडी घासली होती, पण कात्री एकदाही हाती आली नव्हती. "फार घाईची बाई, पोर धडपडेल," असं लोक पाठीमागे म्हणत, आणि पाठीमागचं बोलणं आपांना नेमकं पुढून ऐकू येई. दाना मात्र स्वतः वर येऊन म्हणाली होती, "आपा, माझी पोर तुमच्यासारखी व्हावी." ती गेल्यावर आपा नळ सोडून रडल्या होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा दूर अस्तानाला, वय अडतीस, लग्नाचं नाव काढत नव्हता. आपलं काही या जगात पुढे चालायचं असेल, तर ते या पोरीच्याच पायांनी, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

दानाला फोन करणं सोपं होतं. पण कार्याच्या दिवशी दानाचा फोन कुंदुझच्या मांडीवर असणार. कुंदुझ ही दानाची आत्या. ग्रंथालयात तीस वर्षं एका खुर्चीवर काढलेली, चहाचा पेला उचलायचा तर आधी त्यावर विचार करणारी बाई. "घरचं माणूस असताना शेजारणीच्या हातात कात्री कशाला?" असं ती आठवडाभर सगळ्यांना सांगत होती. तिला कळलं असतं की आपा कोंडल्या गेल्यात, तर तिनं तिथल्या तिथे म्हटलं असतं, "जिचाच पाय अडकलाय, ती पोरीचा काय सोडवणार?" आणि हे बोलणं अंगणात सगळ्यांना पटलं असतं. खुद्द आपांनाही.

अकराला पाच कमी. आपा गॅलरीत गेल्या, स्वयंपाकघरात गेल्या, पुन्हा गॅलरीत आल्या. गॅलरी मागच्या गल्लीवर होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. खाली आणखी तीन गॅलऱ्या, त्याखाली तळमजल्यावाल्यांचा द्राक्षांचा मांडव आणि मग जमीन. तेवढ्यात त्यांना पलंगाखालची लाल पिशवी आठवली.

आगीतून सुटायची ती घडीची शिडी मक्सूतनी मागच्या वर्षी कसलीशी बातमी बघून मागवली होती. सोबतच्या कागदावर 'आधी एकदा सराव करावा' असं छापलेलं होतं. पण एकदा उघडली की पुन्हा तशी घडी बसत नाही, म्हणून मक्सूतनी ती कुणाला उघडू दिली नव्हती. "आग लागल्यावर तरी उघडू देणार का, विचारून ठेवा," असं आपा आल्यागेल्याला सांगत.

आता त्यांनी ती उघडली. आकडे कठड्याला अडकवले, गुंडाळी खाली सोडली. खडखडखड करत लोखंडी पायऱ्या उलगडत गेल्या. आपांनी चपला पिशवीत घालून पिशवी गळ्यात अडकवली, बिस्मिल्ला म्हटलं आणि पाय कठड्यापलीकडे टाकला. एक मजला उतरल्या तोवर शिडी डुलू लागली. 'खाली बघू नये' हे आपांना माहीत होतं, म्हणून त्यांनी समोर बघितलं, तर समोर क्लाराबाई.

क्लाराबाई भूमितीच्या निवृत्त शिक्षिका. गॅलरीत कापड अंथरून एकट्याच चहा पीत बसल्या होत्या. शेजारीण हवेतून खाली येते आहे याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांना वाटलं ते निराळंच.

"रौशान, शिडी भिंतीपासून लांब हवी. कोन चुकलाय तुझा."

"कोन राहू द्या, क्लाराबाई. हळू बोला. मला घाई आहे."

"तुला घाई कधी नसते? ये, चहा घे."

"कशी येऊ? लटकलेय मी!"

"मग नानचा तुकडा तरी तोंडात टाक. मांडलेल्या कापडावरून कुणी भाकरी न चाखता जात नाही."

"अहो, मी तुमच्या घरात कुठे आलेय? मी हवेत आहे."

"हवा कुणाच्या गॅलरीची आहे?" क्लाराबाईंनी विचारलं. "वर्षभरात या कापडाशी दुसरं माणूस आलं नाही, रौशान. आणि तू आलीस तीही पाठ दाखवून जाणार?"

आपांचे दोन्ही हात शिडीला, म्हणून त्यांनी आ केला. क्लाराबाईंनी मोडला तो तुकडा नव्हता, निम्मा नान होता. लोणी लावून त्यांनी तो मायेनं आपांच्या तोंडात कोंबला. आपा डोळ्यांनीच आभार मानून पुढच्या पायरीवर उतरल्या.

खालच्या गॅलरीत येर्मेक दाढी करत होता. ट्रकचालक माणूस, काल रात्रीच लांबच्या फेरीवरून परतलेला. आरशात त्याला आधी दोन पाय दिसले, मग घागऱ्याचा घेर आणि मग शिडीच्या पायरीवरची लाल चिठ्ठी. चिठ्ठीवर 'आग लागल्यास' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. येर्मेकच्या गालावर अर्धा फेस तसाच राहिला.

"आपा! आग लागलीय?"

"आग ना—" आपा म्हणाल्या, आणि 'नाही'तला 'ही' नानपाशी अडकला.

"कुठे? वर?"

आपांनी जोरानं मान हलवली. पण शिडीवर लटकलेल्या माणसाची मान आडवी हलते की उभी, हे धड कळत नाही, कारण शिडीही हलत असते.

"आग! वर आग लागलीय! रौशानआपांच्या तोंडून शब्द फुटत नाहीये!" येर्मेक ओरडत आत पळाला. त्यानं एकशे एकला फोन लावला आणि तसाच अर्ध्या दाढीनिशी जिन्यावर जाऊन दारं बडवू लागला.

आपांनी घास गिळला तेव्हा फार उशीर झाला होता. "आग नाही रे मेल्या! कार्य आहे!" त्या ओरडल्या, पण ऐकायला गॅलरीत कुणी नव्हतं. इमारतीतून मात्र गलका ऐकू येऊ लागला. आता एकच उपाय होता. लोक मागच्या बाजूला यायच्या आत खाली पोचायचं आणि गर्दीत मिसळून "कुठे आहे आग?" असं आपणच विचारायचं. आपांनी वेग वाढवला. घाईघाईत त्यांनी दोन पायऱ्या एकदम गाठायला पाहिलं, आणि पायऱ्या बांधायचा जो नायलॉनचा पट्टा मोकळा लोंबत होता, तो त्यांच्या एका घोट्याभोवती बसला. तो सोडवायला दुसरा पाय नेला, तर तोही पट्ट्यात गेला. खाली पाहिलं तर शिडी तिथेच संपली होती. मक्सूतनी तीन मजल्यांची शिडी घेतली होती. मांडवाचं शेवटचं अंतर त्यांनी धरलंच नव्हतं.

अशा रीतीनं अकरा वाजून वीस मिनिटांनी रौशानआपा ठेवणीतलं जाकीट घालून, दोन्ही पाय एकत्र बांधलेल्या अवस्थेत, द्राक्षांच्या मांडवावर लोंबत होत्या. आणि त्यांना बघायला पुढच्या अंगणातलं अख्खं कार्य मागच्या गल्लीत आलं होतं. कुणी गालिचा खांद्यावर टाकून आलं होतं, कुणी दूरचित्रवाणी संच कवेत घेऊन. दाना पोरीला घेऊन आली होती. नव्वदीच्या बातिमा आजी कार्यात उधळायच्या टॉफ्यांचं ताट घेऊन आल्या होत्या, कारण आगीत काय न्यावं हे न सुचून त्यांनी हातात होतं तेच आणलं होतं. आणि सगळ्यांच्या मागून, एकेक पाऊल विचार करून टाकत, कुंदुझ आली. तिच्या हातात कात्री होती.

"बघ गं बाई," कुंदुझ म्हणाली, "जिचाच पाय अडकलाय—"

"मला माहितेय पुढचं!" आपा वरून ओरडल्या.

आगीचा बंब गल्लीत शिरला. अधिकारी उतरला, त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं. "आग कुठंय?"

"आग नाही, बाळ. कुलूप आहे," आपा म्हणाल्या.

"मग फोन कुणी केला?"

सगळ्यांनी येर्मेककडे पाहिलं. येर्मेकनं फेस पुसला. "आपा मान हलवत होत्या," तो म्हणाला.

अधिकाऱ्यानं स्वतःची शिडी लावली आणि आपांना कमरेला धरून खाली आणलं. त्या जमिनीवर उभ्या राहिल्या, पण पाय बांधलेलेच, आणि पट्ट्याचं दुसरं टोक वर. अधिकारी म्हणाला, "सुरी, कात्री, काही आहे का कुणाकडे?" कुंदुझकडे कात्री होती, आणि ती जवळ होती. ती सावकाश वाकली. सावकाश कात्री लावली. करकर, करकर, करत बराच वेळ तो नायलॉन कापत राहिली. शेवटी पट्टा तुटला, आणि आपांचे दोन पाय वेगळे झाले.

"कापला गं पायबंद!" बातिमा आजी ओरडल्या, आणि नव्वद वर्षांच्या सवयीनं त्यांनी ताटातल्या टॉफ्या उधळल्या.

टॉफ्या पडल्यावर लोक दुसरं काय करणार? टाळ्या वाजल्या. दोन बायकांनी सवयीनंच आपांचे हात धरले आणि त्यांना चार पावलं चालवलं. त्रेसष्ट वर्षांच्या आपा लाजेनं लालबुंद होऊन पावलं टाकत होत्या आणि अधिकारी टोपी काढून बघत होता.

"झालं ना?" कुंदुझ म्हणाली. "आता चला. पोरीचाही मीच कापते."

दानाचा चेहरा पडला. आपांना वाटलं, आता जमीन पोटात घेईल तर बरं. हातातोंडाशी आलं होतं, आणि आपल्याच घाईनं गेलं.

"तू कसा कापशील?" बातिमा आजींनी विचारलं. "एका हातानं एका दिवशी एकच पायबंद कापायचा असतो."

"हा नियम कधीपासून?"

"आत्तापासून. नव्वद वर्षं जग, मग तूही करत जा नियम." आजींनी कात्री घेऊन आपांच्या हातात दिली. "जिचे पाय आत्ताच मोकळे झाले, तिच्याहून मोकळ्या पायांचं माणूस कुठून आणायचं?"

मग तिथेच, गल्लीतच, गालिचा अंथरला. पायांना लोकरीची दोरी बांधून अयझानला उभं केलं. आपा गुडघ्यांवर बसल्या. घाईघाईत कात्री दोनदा हुकली. तिसऱ्यांदा दोरी तुटली. समोर दाना हात पसरून बसली होती. अयझाननं एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मग तिला पायाशी टॉफी दिसली. ती फतकल मारून बसली आणि कागदासकट टॉफी चघळू लागली. कुणी बोलावलं, कुणी टाळ्या वाजवल्या. पोर ढिम्म.

"गुण लागला हो," कुंदुझ गोड आवाजात म्हणाली. "मी हिचा कापला, हिनं पोरीचा कापला. मग गुण कुणाचा?"

"अ म्हणजे ब, ब म्हणजे क. म्हणून अ म्हणजे क," गॅलरीतून क्लाराबाई म्हणाल्या. "सिद्ध झालं."

लोक खो खो हसले. आपांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्यांना तिथून उठून पळून जायचं होतं, पण आज पहिल्यांदाच त्या पळाल्या नाहीत. त्या पोरीशेजारी तशाच बसून राहिल्या. अयझाननं त्यांच्याकडे बघितलं आणि चघळलेली टॉफी त्यांच्या तोंडात घातली.

तेवढ्यात मक्सूत कढई घेऊन आले. बंब, गालिचे, अर्ध्या दाढीचा येर्मेक, वर लोंबणारी शिडी, सगळं बघून त्यांनी कढई खाली ठेवली. "काय गं, काय झालं? आणि तू बसलीयस कशी? बरं नाही का तुला?"

आपा काही बोलायच्या आत अधिकाऱ्यानं बंब वळवायला घेतला आणि वरचा लाल दिवा फिरू लागला. अयझाननं तो पाहिला. आपांच्या खांद्याला धरून ती उठली आणि सुटली. आईला ओलांडून, गालिचा ओलांडून, पडत, उठत, हात पसरून थेट बंबाच्या दिशेनं. "अगं धरा! धरा तिला!" एकच कल्ला झाला. दाना धावली, येर्मेक धावला, अधिकारी उडी मारून उतरला, आजी काठी टाकून धावल्या, आणि सगळ्यांच्या पुढे धापा टाकत कुंदुझ धावत होती.

गालिच्यावर एकट्या रौशानआपा उरल्या. त्या तोंडातली टॉफी चघळत मांडी घालून बसल्या होत्या.

"अगं," मक्सूत घाबरून म्हणाले, "सगळी इमारत धावतेय आणि तू नाही धावत?"

"धावतेय की," आपा म्हणाल्या, आणि त्यांनी बंबाकडे निघालेल्या त्या दोन पायांकडे बोट दाखवलं.