आ. खोली

शिट्टीमास्तरांनी शिट्टी फुंकली तेव्हा संगणकवालीने नुकताच जेवणाचा डबा उघडला होता.

"कोणती खोली?" तिने धावत येऊन विचारलं.

"आ. खोली. छत सरकतंय म्हणतंय तुमचं यंत्र. आठवीतल्या सगळ्यांना वर बोलावलंय."

तिने पडद्याकडे पाहिलं. आ. लाल झालं होतं.

खाणीत दगड काढून झालेल्या जागेला खोली म्हणत. प्रत्येक खोलीच्या छतात मोजणीची तार बसवलेली असे. दगड केसभर सरकला तरी संगणकवालीच्या सॉफ्टवेअरला कळे आणि पडद्यावर नाव लाल होई. नावं आखूड ठेवलेली: पा. म्हणजे पाचवी, सा. म्हणजे सातवी. आठवी नुकतीच उघडली होती आणि तिची तार अजून खोक्यातच होती.

आ. म्हणजे आईची.

वडील गेल्यापासून आई त्या जुन्या घरात एकटीच राहत होती. खोलीच्या भिंतीला तडा गेला होता. "माझ्याकडे चल," असं लेक म्हणाली की आई म्हणे, "भिंत जागची हलली तर मीही हलेन." शेवटी तसंच ठरलं. लेकीने एक जादा तार तड्यावर ताणली आणि खाणीच्याच यंत्राला जोडून दिली. तेव्हापासून भिंत ढिम्म होती आणि आईसुद्धा.

एवढ्यात खाणीचे साहेब आत आले. "बाई, माणसं वर येतायत. छत किती सरकलंय?"

"साहेब, छत नाही. भिंत सरकलीय. आमच्या घरची."

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "तुमचं घर आमच्या खाणीत कधी आलं?"

तिने सगळं सांगितलं. नोकरी गेल्यातच जमा होती, मग लपवायचं कशाला?

"आणि खऱ्या आठवीची तार?"

"खोक्यात."

"म्हणजे आमची माणसं बिनतारेच्या छताखाली होती?" साहेबांनी टोपी परत डोक्यावर चढवली. "मग शिट्टी चुकीची कशी म्हणायची? तार लागेपर्यंत आठवी बंद. तुमचा हिशोब नंतर बघू. आधी घरी जा, भिंत खरीच पडायची."

बाहेर वर आलेली मंडळी उन्हात पाय पसरून बसली होती. "संगणकवाली, रोज एक खोली सरकवत जा," कोणीतरी म्हणालं. तिला हसूही येईना. स्कूटर पिटाळत तिने घर गाठलं आणि धाडकन दार ढकललं.

आई स्टुलावर उभी होती. चिमटीत तार धरून हलकेच ओढत होती.

"आई!"

"धूळ पुसत होते."

"फडक्याशिवाय?"

आई सावकाश खाली उतरली. लेकीने तड्यावरून बोट फिरवलं. तडा होता तेवढाच होता. मागे वळताना तिला दाराआड बॅग दिसली, भरलेली. वर वडिलांचा रेडिओ, त्यांच्याच स्वेटरमध्ये नीट गुंडाळलेला.

"कालपासून ओढतेय," आई पदराशी चाळा करत म्हणाली. "तुझं यंत्र फार मंद आहे बाई."

लेकीने रेडिओवरून हात फिरवला.

फोन वाजला. साहेब होते. "काय म्हणते भिंत?"

तिने आईकडे पाहिलं. आई अगदी निरागस चेहऱ्याने छताकडे बघत होती.

"फारच सरकलीय, साहेब," संगणकवाली म्हणाली. "आ. खोली आजच रिकामी करावी लागेल."