दुसऱ्याचं कार्ड

ट्रंकेतली वही उलटी दिसली, तेव्हा मुकुंद हर्डीकरांनी आधी खोलीचं दार लावलं आणि मगच तिला हात लावला. पान एकही फाटलं नव्हतं. पण वहीची शिवण ते नेहमी डावीकडे ठेवत आणि आज ती उजवीकडे होती. दुसऱ्या कुणी एवढ्याशा गोष्टीकडे दुर्लक्ष करून चहा मागितला असता. हर्डीकर पिंपरीच्या एका कंपनीत बावीस वर्षं टाइम ऑफिसात होते. दोस्ताचं कार्ड खिशातून आणून दोघांची हजेरी पंच करणारा कामगार त्यांना नुसत्या चालीवरून ओळखू यायचा. असे सदतीस जण त्यांनी पकडले होते, आणि सदतीसाव्यानंतर जगात सरळ माणूस असतो हे त्यांना पटेनासं झालं होतं.

वहीत ‘संगीत मयूरकंठी’ होतं. अंक चार, पदं सव्वीस. कंपनीच्या नाट्यमंडळानं त्याचे तीन प्रयोग केले. तिसऱ्याला अकरा प्रेक्षक होते आणि त्यातले चार पुढच्या शिफ्टची वाट बघत बसले होते. संगीत नाटकातून लोक उठत होते आणि टीव्हीसमोर जाऊन बसत होते. म्हणून हर्डीकरांनी चार अंकांचा अर्धा तास केला, सव्वीसातली दोनच पदं ठेवली आणि उरलेल्या चोवीसांसाठी रीतसर दुःख केलं. नाटक मुंबईच्या टीव्ही केंद्राकडे पाठवायचं ठरवून चौदा महिने झाले होते. पण पाठवलं आणि कुणी ढापलं तर? टीव्हीच्या काचेवर एकदा आपलं नाव बघावं आणि मग डोळे मिटले तरी चालतील, एवढीच त्या माणसाची इच्छा होती.

“ट्रंक कुणी उघडली होती?” त्यांनी बायकोला विचारलं.

“मी. तुमचा स्वेटर काढला.”

“मे महिन्यात?”

“ऊन दाखवायला,” पद्माबाई म्हणाल्या आणि भाजीला मीठ कमी आहे का ते बघायला गेल्या. भाजी अजून चिरायचीच होती.

चार दिवसांनी कँटीनमध्ये बबनराव फिटरनं त्यात भर घातली. “तुमचे ते पेटीवाले मीरासाहेब मुंबईच्या गाडीत बसताना दिसले, राव. बगलेत हे एवढं मोठं पाकीट. मी हाक मारली तर पाकीट मागं लपवलं.”

मीरासाहेबांचं दापोडीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. हर्डीकरांच्या सव्वीसच्या सव्वीस पदांना चाली त्यांच्याच, आणि वीस वर्षांची दोस्ती. म्हणजे वही कुठं असते हे ठाऊक असलेला जगात एकच परका माणूस. हर्डीकर संध्याकाळी दुकानात गेले आणि हवापाण्याचं बोलले.

“परवा मुंबईला जाऊन आलात म्हणे?”

“अं? हां, हां. व्हॉल्व्ह आणायला. इथं मिळत न्हाईत,” असं म्हणत मीरासाहेबांनी गल्ल्यावरचा एक कागद चटकन रेडिओखाली सारला. तेवढ्यात हर्डीकरांनी पहिली ओळ वाचली होती. ती त्यांच्याच नांदीची होती आणि अक्षर भलत्याच कुणाचं होतं, सुरेख, वळणदार.

त्या रात्री त्यांना झोप आली नाही. सकाळी त्यांनी टीव्ही केंद्राला रजिस्टर पत्र धाडलं, पोचपावतीसह. “माझे ‘संगीत मयूरकंठी’ हे नाटक कोणी इसम आपणांस देईल. तो स्वतःला लेखक म्हणवील. तो लबाड समजावा. खरा लेखक मी असून मी ते अद्याप कोठेही पाठवलेले नाही.” मीरासाहेबांचं नाव त्यांनी मुद्दाम घातलं नाही. अब्रूनुकसानीचा दावा लागला तर? घरी त्यांनी यातलं अक्षर काढलं नाही, कारण स्वेटरचा खुलासा अजून व्हायचा होता.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. “आपण सावध केल्याबद्दल आभार. तसा इसम आढळला असून त्याच्या नाटकाची झालेली निवड रद्द केली आहे.” हर्डीकरांनी पत्र दोनदा वाचलं, इस्त्रीचा सदरा घातला, पत्र त्याच्या खिशात ठेवलं आणि अडतिसावा चोर पकडायला ते दापोडीला निघाले.

मीरासाहेब दुकानात डोकं धरून बसले होते. शेजारी त्यांची मुलगी परवीन होती आणि, बघा तर, पद्माबाईही होत्या. तिघांच्या मध्ये एक पत्र पडलं होतं.

“बसा, मुकुंदराव,” मीरासाहेब म्हणाले. “घात झाला. तुमचं नाटक आम्ही धाडलं होतं टीव्हीला. वहिनींनी वही दिली, परवीननं सुवाच्य नक्कल काढली, मी पोचवून आलो. तुमच्याच नावानं, पत्ता फक्त ह्या दुकानाचा. मागं तुमचं दुसरं एक नाटक साभार परत आलं तेव्हा तुम्ही आठ दिवस जेवला न्हाईत. म्हटलं, पसंत पडलं तरच सांगू. आणि पडलं की पसंत! पण कुणा नालायकानं तुमच्या नावानं खोटं पत्र लिहून सगळं बुडवलं. सापडू दे मला, तापल्या सोल्डरनं डाग देतो त्याला.”

हर्डीकरांचा हात सदऱ्याच्या खिशावर होता. तो तिथंच राहिला. पद्माबाईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “तुम्ही नाही ना?”

मीरासाहेबांनी डाग दिला नाही. त्यांनी परवीनला चहा ठेवायला सांगितलं. हर्डीकरांना डाग परवडला असता.

दुसऱ्या दिवशी दोघं दोस्त मुंबईला गेले. केंद्रातल्या अधिकाऱ्यानं फाईल उघडून नाटक आणि रजिस्टर पत्र शेजारीशेजारी ठेवलं.

“मीच मुकुंद हर्डीकर आणि हे नाटकही माझंच,” हर्डीकर म्हणाले.

“आपणच लिहिलंय, की जो लेखक म्हणवील तो लबाड समजावा. शिवाय अक्षर जुळत नाही.”

“नक्कल माझ्या पोरीनं केलीय, साहेब,” मीरासाहेब म्हणाले आणि दोस्ताविषयी खात्री पटावी म्हणून त्यांनी पिशवीतून परवीननं लिहिलेलं दुकानाचं पावतीपुस्तक काढलं. अधिकाऱ्यानं एक पावती नाटकाला लावून पाहिली आणि त्याचा चेहरा खुलला.

“हे जुळतं. हस्तलिखित तुमच्या घरचं, पत्ता तुमच्या दुकानाचा, आणि तुमच्याविरुद्ध तक्रारही नाही. मग टोपणनाव कशाला घेतलंत? चांगलं लिहिता. स्वतःच्या नावानं द्या, निवड कायम करतो.”

“तोबा! दुसऱ्याचं कार्ड मी पंच करणार न्हाई,” मीरासाहेब उठलेच.

टेबलाखाली हर्डीकरांनी त्यांच्या पायावर पाय दिला. बावीस वर्षं टाइम ऑफिसात काढलेल्या माणसानं खाली मान घालून सांगितलं, “करा. मी सांगतो, करा.”

श्रावणात कार्यक्रम लागला. कॉलनीतल्या एकुलत्या एक टीव्हीसमोर सत्तर माणसं बसली. काचेवर अक्षरं उमटली, “लेखक : मीरासाहेब”. पहिल्या पदाला पब्लिकनं जुन्या सवयीनं वन्समोअर दिला. टीव्हीनं तो ऐकला नाही, तरी हर्डीकरांनी मात्र मान लववली. मीरासाहेब कोपऱ्यात तोंड लपवून बसले होते. लोक त्यांच्या पाठीवर थापा मारत होते आणि प्रत्येक थापेला ते शरमिंदे होऊन हर्डीकरांकडे बघत होते.

बबनराव सरकत सरकत हर्डीकरांच्या कानाशी आला.

“एक विचारू का, राव? हे आपल्याच नाटकासारखं वाटतंय. त्या दिवशीचं ते पाकीट आठवतं ना? पेटीवाल्यानं ढापलं तर नसेल?”

“छे,” हर्डीकर म्हणाले. “माणूस सरळ आहे. मी स्वतः चौकशी केलीय.”